दहावीनंतर कोणती वाट?
(पालक, शिक्षक व तरुण संघ ह्यांच्यासाठी अभ्यासपाठ)

पाठाचा हेतू : दहावीतील मुलामुलींनी पुढील शिक्षणाची निवड समजून-उमजून करावी, आणि वडीलधाऱ्यांनी त्यांना त्या कामी मदत कशी करावी, ह्याचा विचार करणे.

दहावीचा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच धांदल उडते. गुण पाहावयाचे, शेजारच्या मुलाने कोठे अर्ज भरला ते विचारावयाचे, आणि चार-आठ दिवसांत मुलाच्या साऱ्या भवितव्याचा निर्णय उरकून टाकावयाचा! भाजी घेताना आपण चार ठिकाणी भाव विचारतो. पण येथे मात्र हिशेब ठरलेला असतो. गुण भरपूर पडले तर सायन्स, मध्यम पडले तर कॉमर्स, कमी पडले तर आर्ट्स, आणि अगदीच कमी पडले तर आयटीआय. ह्या उतरंडीत गुण आहेत, परंतु मूल कोठे आहे?

१. तीन पायऱ्या

व्यवसाय-मार्गदर्शनाचा पाया घालणाऱ्यांत अमेरिकेतील फ्रँक पार्सन्स ह्यांचे नाव अग्रभागी आहे. १९०८ साली त्यांनी बॉस्टन येथे तरुणांना सल्ला देणारी कचेरी सुरू केली. त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९०९ साली, प्रसिद्ध झाले. त्यांनी सांगितलेल्या पायऱ्या तीन : प्रथम स्वतःची ओळख करून घ्यावी, मग कामांची माहिती मिळवावी, आणि नंतर दोहोंचा मेळ घालावा. आपण बहुधा पहिल्या दोन गाळून तिसरीवर उडी मारतो, आणि मग पाय मुरगळला म्हणून मुलालाच दोष देतो.

२. स्वतःची ओळख

मुलाला ‘तू कोण होणार?’ असे विचारू नये. पंधरा वर्षांच्या मुलाजवळ ह्याचे उत्तर नसते. असते ते कोणाचे तरी ऐकलेले असते. त्याऐवजी असे विचारावे : कोणते काम करताना वेळ कसा गेला ते तुला कळले नाही? मिक्सर बिघडला की तो उघडून पाहणारा मुलगा, आजीच्या औषधांच्या वेळा न चुकता सांभाळणारी मुलगी, सहलीचा जमाखर्च पै-पैशाने जुळवणारा विद्यार्थी, ही सर्व मुले आपल्याला काही सांगत असतात. गुणपत्रिकेत त्यासाठी रकाना नसतो.

३. कामाची ओळख

बेळगावचेच उदाहरण घेऊ. उद्यमबागेवरून रोज शाळेला जाणाऱ्या मुलाला तेथे ओतशाळा आहेत एवढे ठाऊक असते. पण आत पॅटर्न बनवणारा वेगळा, साचा भरणारा वेगळा, लेथवर काम करणारा वेगळा, माल तपासणारा वेगळा, आणि हिशेब लिहिणारा आणखी वेगळा असतो, हे त्याने पाहिलेले नसते. प्रत्येकाचे शिक्षण निराळे, अंगमेहनत निराळी, पगारही निराळा.

म्हणून मुलांना कामाच्या जागी न्यावे. ओळखीतल्याच परिचारिका, वायरमन, शिक्षिका, बँकेतील कारकून, शेतकरी ह्यांना भेटवावे आणि पाच प्रश्न विचारावयास लावावे. तुमचा दिवस कसा जातो? ह्या कामासाठी काय शिकलात? पहिला पगार किती होता? ह्या कामात सर्वांत जड काय जाते? पुन्हा निवडावयाचे झाल्यास हेच निवडाल काय? शेवटच्या प्रश्नाला मिळालेले उत्तर पुष्कळ शिकवून जाते.

४. उघडी दारे, मिटलेली दारे

शाखा निवडताना ‘हिच्यात काय मिळेल?’ इतकेच पाहू नये. ‘कोणते दार मिटेल?’ हेही पाहावे. पीयूसीला पीसीएमबी, म्हणजे भौतिक, रसायन, गणित व जीवशास्त्र, घेतल्यास वैद्यकीय व अभियांत्रिकी ह्या दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. मात्र चार जड विषयांचा बोजा वाहावा लागतो. जीवशास्त्र सोडले की नीट परीक्षेची वाट अवघड होते. गणित सोडले की आर्किटेक्चर व अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा दूर जातात.

कला व वाणिज्य म्हणजे दारे बंद, असे मुळीच नव्हे. कोणत्याही शाखेच्या बारावीनंतर पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे, सी.ए.ची फाउंडेशन परीक्षा आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला कोणतीही पदवी चालते. परिचर्येत बी.एस्सी. नर्सिंगला जीवशास्त्रासह सायन्स लागते. परंतु तीन वर्षांच्या जी.एन.एम.ला बारावीत इंग्रजी विषय व किमान गुण असल्यास इतर शाखांतूनही जाता येते.

आयटीआय हीही आंधळी गल्ली नव्हे. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन असा दोन वर्षांचा ट्रेड पुरा केल्यावर पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला, आणि डिप्लोमानंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात विद्यावेतन घेऊन शिकण्याचीही सोय आहे. ज्या घरात कमाईची घाई आहे, तेथे ही वाट लाज वाटण्याजोगी नसून शहाणपणाची आहे.

५. सीमेवरील मुलांसाठी

मराठी माध्यमातून एसएसएलसी झालेल्या मुलाला पीयूसी सायन्समध्ये एकदम इंग्रजीशी गाठ पडते. पहिल्या चाचणीत गुण घसरले म्हणजे मूल मठ्ठ ठरत नाही. सुटीतच गणित-विज्ञानातील इंग्रजी संज्ञांची एक वही करवून घ्यावी.

प्रवेशाच्या नियमांकडेही वेळीच लक्ष द्यावे. कर्नाटकात सरकारी कोट्यासाठी राज्यात किती वर्षे शिक्षण झाले हे पाहतात. महाराष्ट्रातील अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांत वादग्रस्त सीमाभागातून दहावी वा बारावी झालेल्या, मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. तीसाठी दाखले लागतात. म्हणून शाळेच्या दफ्तरातील मातृभाषेची नोंद आजच तपासावी. इंदूर, वडोदरे, हैदराबाद येथील वाचकांनी आपापल्या राज्याचे अधिवासाचे नियम पाहावेत. माहितीपुस्तिका त्याच वर्षीची असावी. गेल्या वर्षीच्या पुस्तिकेवर विसंबू नये.

६. दोन सावधगिरीच्या गोष्टी

पहिली, पैसे भरण्यापूर्वी संस्थेची मान्यता पाहावी. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. नर्सिंगसाठी परिचर्या परिषदेची मान्यता पाहता येते. जाहिरातीतील इमारत म्हणजे मान्यता नव्हे.

दुसरी, मुलीचा विचार मुलाच्या इतकाच करावा. ‘जवळ कॉलेज आहे, तेच तिला पुरे’ असे म्हणताना आपण तिची आवड विचारली होती काय, हे प्रत्येक घराने स्वतःला विचारावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मुलाची निवड आपण गुणांवरून ठरवली, की त्याच्याशी बोलून?
२. आपल्या ओळखीत किती प्रकारची कामे करणारी माणसे आहेत? त्यांची यादी करा.
३. त्यांपैकी तिघांना येत्या दोन महिन्यांत मुलांच्या भेटीस कसे आणता येईल?

करावयाचे काम : निकालाची वाट पाहू नये. नववीच्या सुटीतच एक वही घालून द्यावी. तीत मुलाने पाहिलेली कामे, विचारलेले प्रश्न व मिळालेली उत्तरे लिहावीत. अर्ज भरावयाच्या दिवशी गुणपत्रिकेशेजारी ही वहीही उघडून ठेवावी, आणि पहिला शब्द मुलाला बोलू द्यावा.