बांधावरच्या सरड्यांकडून शिकलेलं

उत्तर सोलापुरात आमची कोरडवाहू जमीन आहे. बांधावरच्या सरड्यांची वीण बघत बघतच माझी शेती झाली. त्यातून पटलेल्या या गोष्टी.

१. सरडा तारीख बघत नाही, ओल बघतो. मृग कोरडा गेला तर मादी अंडी पोटात घेऊन थांबते. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात शानभाग, सैदापूर आणि सहकाऱ्यांनी हे अभ्यासून दाखवलं: ओली माती मिळेना तर अंड्यातल्या पिल्लाची वाढही एका टप्प्यावर थांबून राहते.

२. नर लाल झाला की विणीचा हंगाम आला. डोकं, गळा लालभडक होतो आणि गडी बाभळीवर बसून जोर काढल्यासारखा वर-खाली होतो. रक्त पितो म्हणून पोरं त्याला दगड मारतात. तो किडे-मुंग्या खातो, रक्त नाही. पोरांना जवळ बसवून दाखवा, दगड आपोआप खाली पडतो.

३. मादी माती उकरत असेल तर लांब थांबा. पुढच्या पायांनी ती चार-पाच बोटं खोल खड्डा करते, दहा-वीस पांढरी अंडी घालते, माती ओढते आणि तोंडाने ठोकून ठोकून दाबते. मग निघून जाते, राखणीला परतत नाही. तिची सगळी माया त्या दाबलेल्या मातीत असते.

४. प्रत्येक जातीची तऱ्हा वेगळी. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरचा ‘सरडा सुपर्बा’ (नामकरण २०१६) पावसाआधीच, मे महिन्यात निळा-काळा-केशरी गळा फुगवतो. कॅरिबियन बेटांवरचा अ‍ॅनॉलिस एका वेळी एकच अंडं घालतो, पण घालत राहतो. इथली मादी मात्र एका खेपेला एकदमच बरीच घालते.

५. पाऊस लांबला म्हणून आशा सोडू नये. सोलापूरचा मोठा पाऊस सप्टेंबरातला. उशिरा घातलेली अंडीही दीड-दोन महिन्यांत फुटतात, तेव्हा ज्वारीत किडे असतातच.

६. बांध पेटवू नका. मृगापासून दिवाळीपर्यंत बांधाचा एक तुकडा खुरपं-कुदळ न लावता सोडा. आपलं त्यात काही जात नाही. सरड्याची मात्र एक अख्खी पिढी त्याच हातभर मातीत असते.