ब्रह्मगिरीची सोपी वाट

पौष वद्य एकादशी जवळ आली की लासलगावच्या बाजारात लाल कांद्याची गर्दी असते, आणि त्याच गर्दीत माळकऱ्यांची बोलणी चालतात, 'औंदा निवृत्तिनाथांच्या यात्रेला कोण कोण निघणार?' त्र्यंबकेश्वरी समाधीचे दर्शन बहुतेकांना घडते. पण ब्रह्मगिरीकडे वर पाहून वडीलधारी मंडळी म्हणतात, 'तेवढं आपल्याच्यानं नाही व्हायचं.' या मंडळींसाठीच हा पाठ आम्ही लिहीत आहो.

ब्रह्मगिरी समुद्रसपाटीपासून सुमारे १२९५ मीटर, म्हणजे सव्वाचार हजार फूट उंच. आकडा ऐकून छाती दडपते. परंतु त्र्यंबक गावच मुळी उंचावर वसले आहे. तेव्हा प्रत्यक्ष चढावयाचे ते दोन हजार फुटांच्या आतबाहेर. शिवाय वाटेला पायऱ्या आहेत. कराचीच्या एका शेठजींनी १९०८ साली सुमारे ४०,००० रुपये खर्चून त्या बांधविल्या. आपण कोण, कुठले, हे त्यांना ठाऊक नव्हते. तरी आपल्या पायाखाली दगड त्यांनी घातला.

आता चढावे कसे? पहाटे कुशावर्तावर स्नान करून उजाडताच निघावे. पाठीवर कांद्याच्या गोणीसारखे ओझे नको. पाणी, गूळ-शेंगदाणे आणि हातात काठी पुरे. खाऊ उघडा धरू नये, वानरे हिसकावतात. पहिल्या टप्प्याला तरुणांच्या जोडीने धावू नये. दमानं चालावे. चढताना बोलू नये, मनात नाम घ्यावे. श्वास नामाच्या पुढे धावू लागला की थांबावे. शेवटी कातळात कोरलेल्या उभ्या पायऱ्या लागतात, तेथे एकामागे एक चालावे. रमतगमत दोन-अडीच तासांत माथा येतो. उतरताना गुडघ्यांवर भार अधिक पडतो, म्हणून पाऊल आडवे टाकावे, काठी आधी टेकावी. पावसाळ्यात दगड निसरडा होतो नि धुके दाटते. वृद्धांनी तेव्हा जाऊ नये. ज्यांना हृदयाचा किंवा दम्याचा विकार आहे त्यांनी वैद्यांना विचारल्याशिवाय निघू नये.

माथ्यावर गोदामाईचे उगमस्थान आहे. तेथे धार ती केवढी! आपल्या निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरी तिचे विस्तीर्ण पाणी पाहिलेल्या माणसाला खरे वाटत नाही. हीच पुढे १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते.

कुणी विचारतात, 'पायऱ्यांनी गेलं तर पुण्य उणं पडत नाही का?' याचे उत्तर या डोंगरानेच दिले आहे. परंपरा सांगते, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघाच्या भयाने निवृत्तिनाथ आपल्या माणसांपासून चुकले आणि गुहेत त्यांना गहिनीनाथ भेटले. तो अनुग्रह आडवाटेने मिळाला खरा. पण तुम्हीही वाट चुका, वाघाला भ्या, असे नाथांनी कुणाला सांगितले नाही. त्यांनी ज्ञानदेवांना गीतार्थ मराठीत सांगावयास लावला, आणि शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी पुरी झाली. संस्कृताचा कडा ज्यांना चढवत नव्हता, त्यांच्यासाठी त्या पायऱ्याच झाल्या. कष्ट मोजून पुण्य ठरत असते तर संतांनी हा खटाटोप केलाच नसता.

मात्र सोपी वाट म्हणजे न चालता पोचण्याची वाट नव्हे. पायरी दुसऱ्याने बांधली, पाऊल आपणच उचलावयाचे. आणि ज्यांचे पाऊल उचलत नाही त्यांनी खाली समाधीपाशी बसून नाम घ्यावे. त्यांचे काही उणे राहत नाही. वर जाणाऱ्या तरुणांना आमचे एवढेच सांगणे : दिंडीतल्या एखाद्या म्हातारीला हात द्या, तिच्या चालीनं चाला. शेठजींनी दगड घातला, तुम्ही खांदा द्या. हीही पायरीच आहे.

रामकृष्णहरि.