दाढेची रिकामी जागा

दाढ काढली की ठणका थांबतो, हे खरं आहे. पण ती जागा तशीच सोडली तर पुढे काय होतं, हे आमच्या जोयडा तालुक्यात फारसं कुणी सांगत नाही. मला झालेला त्रास दुसऱ्या कुणाला होऊ नये म्हणून लिहिते आहे.

माझं सासर रामनगरचं. सुपा धरणात घरदार गेलेल्यांची ही वसाहत. खालची उजवीकडची पहिली मोठी दाढ किडून रात्रभर ठणकू लागली, तेव्हा ती काढली. कापूस दाबून धरा, गरम खाऊ नका, गोळ्या घ्या, एवढं सांगितलं गेलं. तिथे दुसरा दात बसवायला हवा, हा विषयच निघाला नाही. घरीदारीही हेच ऐकलं की एक दाढ गेली तर काय बिघडलं, बाकीच्या आहेत की! आमच्याकडे निम्मे दात गेलेल्या म्हाताऱ्या अजून अडकित्त्याने सुपारी कातरून तोंडात टाकतात, मग एका दाढेची कोण काळजी करणार?

दात हाडात रोवलेले असले तरी कायमचे एका जागी खिळलेले नसतात. शेजारचे दात आणि समोरचा दात त्यांना जागेवर धरून ठेवतात. माझी मागची दाढ हळूहळू रिकाम्या जागेत कलली. वरच्या दाढेला खालून टेकायला काही उरलं नाही, म्हणून ती खाली उतरली. तोंड मिटताना तीच आधी टेकायची आणि जबडा आपोआप डावीकडे सरकायचा. हे सगळं इतक्या सावकाश झालं की मला पत्ताही लागला नाही. नाचणीची भाकरी, उसाचं कांडं, भाजलेले शेंगदाणे सगळं डाव्या बाजूने चावलं जायचं. न वापरलेल्या उजव्या बाजूला दातांवर किटण चढलं आणि हिरडी सुजली. पुढे सकाळी उठल्यावर कानशिलं जड वाटू लागली, जांभई देताना कानापुढे ‘कट्’ असा आवाज येऊ लागला. कान दुखतो म्हणून कानात थेंब घातले, पण कानात काही नव्हतंच.

शेवटी बेळगावला गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी दात पाहिलेच नाहीत. माझ्या दोन्ही कानांपुढे बोटं टेकवून म्हणाल्या, “मावशी, सावकाश तोंड उघडा आणि मिटा.” मग गालाचा स्नायू दाबला. डावीकडे दाबताच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नंतर निळ्या रंगाचा पातळ कागद दातांत धरून चावायला लावला आणि हातात आरसा दिला. दोन्ही बाजूंच्या दाढांवर बारीक ठिपके उठायला हवे होते. माझ्या त्या उतरलेल्या दाढेवर एकच जाड निळा डाग होता आणि शेजारच्या दातांवर जवळजवळ काही नव्हतं.

खालचा जबडा कवटीला दोन्ही कानांपुढच्या सांध्यांत जोडलेला असतो. सांध्यात मऊ चकती असते, आणि गाल व कानशिलाचे स्नायू जबडा वर ओढतात. चौकट कलली की दार बिजागरीवर ओढतं, तसा दात नीट न बसल्याचा ताण स्नायूंवर आणि सांध्यावर येतो. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने 1899 मध्ये वेड्यावाकड्या दातांचे वर्ग पाडले, ते याच पहिल्या मोठ्या दाढेच्या आधाराने. तोंडातली इतकी महत्त्वाची दाढ आपल्याकडे सर्रास काढली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. कीड खोलवर गेलेली असली तरी रूट कॅनाल करून, वर कॅप बसवून ती पुष्कळदा वाचते. काढावीच लागली, तर जखम भरल्यावर ब्रिज, इम्प्लांट किंवा काढता-घालता येणारा दात, यांतलं काय परवडेल आणि काय जमेल हे त्याच वेळी विचारून घ्या.

उशीर झाला की खर्च आणि खटाटोप दोन्ही वाढतात. मला आधी काही दिवस मऊ खाणं, गरम शेक आणि रात्री दातांवर घालायची प्लास्टिकची पट्टी दिली. दुखणं उतरल्यावर कललेली दाढ तारेने सरळ केली, उतरलेल्या दाढेची उंची कमी करून तिला कॅप घातली आणि मगच रिकाम्या जागी ब्रिज बसला. डॉक्टरीणबाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली. जबडा दुखतो म्हणजे दोष दातांचाच, असं दरवेळी नसतं. झोपेत दात खाण्याची सवय, मनावरचा ताण, जुना मार हीसुद्धा कारणं असतात. म्हणून पहिल्याच भेटीत कुणी चांगले दात घासून बैठक जुळवू म्हणालं, तर थांबा आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. घासलेला दात पुन्हा वाढत नाही.

आमच्या भागात सुपारीच्या बागा आहेत, त्यामुळे हे लिहायलाच हवं. सतत सुपारी चघळल्याने दाढा झिजून सपाट होतात, गालाचे स्नायू थकतात. त्याहून वाईट म्हणजे गालाची आतली कातडी आखडून तोंड उघडेनासं होतं. सुपारीमुळे कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच जाहीर केलं आहे. आपली तीन बोटं एकावर एक धरून समोरच्या दातांमधून आत जातात का, हे घरी करून पाहा. जात नसतील किंवा तिखट खाताना तोंड भाजल्यासारखं होत असेल, तर सुपारी लगेच सोडा आणि तपासून घ्या.

आणि मुलांचं पाहा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून आईबाप तिलाही दुधाचीच समजतात आणि किडली तरी पडेल म्हणून सोडून देतात. ती पडणारी नसते, ती आयुष्यभराची असते. दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली, तर खालच्या पक्क्या दातासाठी जागा राखणारी तार लावता येते, ते विचारा. वरचे दात खालच्या दातांच्या आत बसत असतील, मूल तोंडाने श्वास घेत असेल किंवा चार वर्षांनंतरही अंगठा चोखत असेल, तर सातव्या वर्षापर्यंत एकदा दाखवाच. बेळगावला केएलईचं, धारवाडला एसडीएमचं आणि गोव्यात बांबोळीला सरकारी दंत महाविद्यालय आहे. जाताना जुने एक्स-रे असतील ते सोबत न्या, आणि दुखण्याची जागा सांगताना कान किंवा कानशील दुखत असेल तर तेही सांगा.