देवाने केलेली अश्वसेवा आणि आपल्या दारचा म्हातारा घोडा

आषाढीच्या वाटेवर रिंगण लागले म्हणजे माउलींचा अश्व धावताना पाहण्यासाठी माणसांचा समुद्र लोटतो. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून दोन अश्व येतात. एकावर स्वार असतो आणि दुसऱ्याची पाठ रिकामी, कारण तिच्यावर प्रत्यक्ष माउली बसली आहे असा आपला भाव. अश्व दौडत गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी आपण धडपडतो. हे योग्यच आहे. परंतु वाचकहो, त्याच जातीचा एखादा जीव, वर्षानुवर्षे टांग्याला जुंपलेला, वरातीत नाचवलेला किंवा थंड हवेच्या गावी पाहुण्यांना वाहून थकलेला, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा अवस्थेत रस्त्याच्या कडेला उभा दिसला, तर आपण काय करतो? बहुतेक जण “अरेरे” म्हणून पुढे जातात. कोणी दयाळू असला तर घरातून हरभऱ्याची पाटी आणून त्याच्यापुढे ठेवतो. पहिल्या प्रकाराने घोडा मरतो हे उघड आहे. दुसऱ्या प्रकारानेही तो मरू शकतो, हे मात्र फार थोड्यांस ठाऊक असते. म्हणून हा पाठ.

दया कशी करावी, हे आपल्या देवानेच दाखवून ठेवले आहे. महाभारताच्या द्रोणपर्वात जयद्रथवधाच्या दिवसाची कथा आहे. भर युद्धात अर्जुनाच्या रथाचे घोडे बाणांनी विंधले गेले, दमले, तहानेने व्याकूळ झाले. तेव्हा भगवंतांनी रथ थांबविला. घोडे सोडले. अर्जुनाने बाणांनी भूमी भेदून पाणी काढले. भगवंतांनी आपल्या हातांनी घोड्यांच्या अंगातले बाण उपटले, त्यांचे अंग चोळले, त्यांना फिरविले, पाणी पाजले, चारा खाऊ दिला. ज्याला आपण विटेवर उभा पाहतो, त्याच परब्रह्माने मोतद्दाराचे काम केले. आता या कथेतला क्रम पाहा. आधी जू सुटले, मग जखमा पाहिल्या, मग अंगावर हात फिरला, मग पाणी, आणि अन्न सर्वांच्या शेवटी. आजचे पशुवैद्यही जवळपास हाच क्रम सांगतात. म्हणून याच क्रमाने आपण विचार करू.

पहिले, जू सोडणे. घोडा कोणाचा आहे याची आधी चौकशी करावी. परस्पर दावे सोडून नेणे बरे नव्हे. पुष्कळदा मालकही गरीबच असतो. रिक्षा आल्या, टांगे बसले, आणि घोड्याबरोबर तोही उपाशी. त्याच्याशी गोडीने बोलावे, घोडा लिहून घेऊन ताब्यात घ्यावा. मालक मारझोड करीत असेल, आजारी जनावर जुंपीत असेल किंवा सोडून देत असेल, तर १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे तो अपराध आहे आणि पोलिसांकडे तक्रार करता येते. आणखी एक गोष्ट. भगवंतांनी विसाव्यानंतर घोडे पुन्हा जुंपले, कारण ते जवान होते व कार्य उरले होते. आपल्या म्हाताऱ्याचे कार्य संपले आहे. तो जरा सुधारला म्हणून त्याला पुन्हा गाडीला लावणे हा त्याचा उपकार नव्हे, आपला हिशेब आहे.

दुसरे, बाण काढणे. आजच्या घोड्याचे बाण म्हणजे खोगिराखालच्या जखमा, वाढून वाकडे झालेले खूर, झिजलेले दात आणि पोटातले जंत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे; १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकालाही बोलावता येते. घोड्याला धनुर्वाताचा धोका फार, म्हणून जखम दिसली की लशीविषयी विचारावे. जंतांचे औषध मनाने देऊ नये. अशक्त जनावराला ते केव्हा व किती द्यावे हे वैद्याने ठरवावे. नाकातून घट्ट शेंबूड वाहत असेल, कातडीवर गाठी किंवा व्रण असतील, तर ग्लँडर्स या रोगाची शंका घ्यावी. तो माणसालाही होतो. तपासणी होईपर्यंत असा घोडा वेगळा बांधावा, मुलांना जवळ जाऊ देऊ नये. खूर एकाच दिवशी सरळ करण्याचा हट्ट नको. जाणत्या नालबंदाकडून थोडे थोडे करून घ्यावे, व पुढे दर सहा ते आठ आठवड्यांनी साळून घ्यावे.

तिसरे, अंगावर हात. खरारा हा केवळ शृंगार नव्हे. म्हाताऱ्या घोड्याचे केस दाट असले तर बरगड्या झाकल्या जातात आणि तो धष्टपुष्ट भासतो. हात फिरवला की हाडे लागतात. म्हणून डोळ्यांवर विसंबू नये, रोज बोटांनी चाचपावे. उन्हाळा लागला तरी लांब केस झडत नसतील, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचा विकार असू शकतो, वैद्याला सांगावे. घोडा कळपाचा प्राणी आहे. एकटा ठेवू नये. दुसरा घोडा नसेल तर गाढव किंवा शेळीचीही सोबत चालते.

चौथे, पाणी. स्वच्छ पाणी सतत जवळ हवे. मध्यम घोड्याला दिवसाला वीस ते तीस लिटर लागते, उन्हाळ्यात अधिक. नाथमहाराजांनी तहानलेल्या गाढवाला आधी गंगा पाजली ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. तिच्यातला व्यवहारही ध्यानी घ्यावा: त्या जीवाला त्या घटकेला जे हवे होते, तेच नाथांनी दिले.

पाचवे, अन्न, आणि येथेच चूक होते. फार दिवस उपाशी असलेल्या घोड्याला दाणा, गूळ किंवा पोळ्या भरपूर घातल्या, तर रक्तात साखर एकदम वाढते. ती पेशींत ओढली जाताना रक्तातले फॉस्फरस, मॅग्नेशियम व पोटॅशियमही ओढले जाते, आणि तीन ते पाच दिवसांत हृदय किंवा श्वास बंद पडून घोडा दगावतो. लोक म्हणतात, “काल तर चांगला खात होता हो!” खात होता म्हणूनच गेला. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. खाल्लेले बाधले तर पोटशूळ ठरलेला.

मग द्यावे काय? वाळलेला लसूणघास. सुमारे ४५० किलो वजनाच्या घोड्यास पहिले तीन दिवस दर चार तासांनी अर्धा किलो, रात्रीसुद्धा; आपली तट्टे लहान असतात, त्यांना त्या प्रमाणात कमी. चौथ्या दिवसापासून हळूहळू वाढवीत दहाव्या दिवसापर्यंत न्यावे, तोवर दाणा नाही. अंग भरायला कित्येक महिने लागतात. घाई करू नये.

घोडा गवत चघळून त्याचे बोळे खाली टाकीत असेल, तर दात गेले किंवा टोचू लागले असे समजावे. वैद्याकडून कानशीने दात घासून घ्यावेत. तेवढ्याने भागले नाही तर चारा बारीक कापून भिजवावा, आणि पुढे दाणा सुरू करण्यास वैद्याची संमती मिळाली की तोही भरडून, भिजवून, मऊ करून द्यावा.

आता एक कठीण गोष्ट. सगळे करूनही काही घोडे उठत नाहीत. पाय मोडलेला, दिवसेंदिवस आडवा पडून अंगाला फोडे आलेला जीव पाहून मनात प्रश्न येतो की याला वैद्याकडून शांतपणे सोडवावे काय. कोणी म्हणेल, ही हत्या. आम्हांस वाटते की हा निर्णय आपल्या कंटाळ्याने किंवा खर्चाच्या भीतीने होऊ नये, आणि आपल्या पुण्याच्या हिशेबानेही लांबू नये. दोन्हींत आपणच मध्ये येतो. वैद्याने तपासून वेदना टळणार नाहीत असे स्पष्ट सांगितले, तर त्याचे ऐकावे. शेवटी त्याच्याजवळ बसावे, मानेवर हात ठेवावा, नाम घ्यावे.

असो. एकट्याने घोडा पोसणे सर्वांस झेपणारे नाही. पण गावची दिंडी मिळून एक म्हातारा घोडा सहज सांभाळील: कोणी जागा, कोणी चारा, कोणी रात्रीची पाळी. रात्री दोन वाजता उठून अर्धा किलो घास घालणे यात टाळमृदंग नाही, पाहणारे कोणी नाही. जो देव घोड्यांचे बाण उपटीत बसला, त्याला ही सेवा ओळखू येईल. रिंगणातली माती आपण कपाळी लावतोच; हा म्हाताराही त्याच टापांवर उभा आहे.

रामकृष्ण हरि.