गाण्यामागे पैसे मोजू नका

एलपी दुकानातून डिजिटल करून आणली की बहुधा दोनच फायली हातात पडतात, ‘साइड ए’ आणि ‘साइड बी’. प्रत्येकी वीस-बावीस मिनिटांची. चौथं गाणं हवं तर अंदाजाने पुढे सरका. गाणी सुटी करून मागितली तर काही ठिकाणी वेगळा दर सांगतात, तोही गाण्यामागे. तो देऊ नका. हे काम घरी फुकट होतं.

रेकॉर्ड देण्यापूर्वी विचारा: दर रेकॉर्डमागे की बाजूमागे? बाजूमागे असेल तर एलपीचं बिल दुप्पट. खरखर काढण्याचे पैसे वेगळे का? पेन ड्राइव्ह तुमचा चालेल का? १८ टक्के जीएसटी धरून सांगितलंय की वरून? आणि न कापलेली, न ‘साफ’ केलेली वेव्ह फाइल मागाच. सीडीच्या दर्जाची वेव्ह मिनिटाला साधारण १० एमबी घेते, म्हणजे ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर साठेक एलपी सहज मावतात. ‘फाइल फार मोठी होते’ ही सबब चालू देऊ नका.

घरी ऑडॅसिटी हा प्रोग्राम वापरा. विंडोज, मॅक, लिनक्स, तिन्हींवर मोफत. मात्र तो अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. त्याच्या नावाने पैसे मागणारी पानंही असतात. फाइल उघडा, ‘अ‍ॅनालाइझ’मधलं ‘लेबल साउंड्स’ चालवा. मधल्या शांत जागा शोधून तो खुणा करतो. जुन्या रेकॉर्डवर ही शांतताही खरखरते, म्हणून शांततेची मर्यादा उणे ३० डेसिबलवर असताना काही सापडलं नाही तर ती उणे २६ करून बघा. गाण्यातल्याच विरामावर खूण पडत असेल तर शांततेचा किमान कालावधी वाढवा.

ख्यालाच्या रेकॉर्डवर मात्र यंत्रावर विसंबू नका. विलंबितातून द्रुतात जाताना गवई थांबत नाही, मैफलीच्या रेकॉर्डवर तर टाळ्याही मध्ये येतात. तिथे कान लावून हाताने खूण करा: जागा निवडा, कंट्रोल आणि बी दाबा. (खरं तर असा राग कापूच नये.) कापायचाच असेल तर एमपी३ नको, फ्लॅक ठेवा, एमपी३मध्ये तुकड्यांच्या जोडावर किंचित खंड ऐकू येऊ शकतो.

खुणांना नावं देण्यासाठी रेकॉर्डचं कव्हर हाताशी ठेवा. दोन्ही बाजूंचा आणि मधल्या लेबलचा फोटो काढा. गाण्यांची नावं, क्रम आणि बरेचदा मिनिटं-सेकंदही तिथेच छापलेले असतात. खुणांना तीच नावं द्या, मग एक्स्पोर्ट करताना ‘मल्टिपल फाइल्स’ निवडा.

दुकानाने फक्त एमपी३ दिली असेल तर विंडोजवर एमपी३डायरेक्टकट घ्या. तोही मोफत, आणि फाइल पुन्हा न दाबता कापतो, त्यामुळे आवाज उतरत नाही.

पहिल्या एलपीला तासभर धरा, पुढे पंधरा-वीस मिनिटं पुरतात. सगळे तुकडे शेवटपर्यंत ऐकून झाल्याशिवाय मूळ फाइल पुसू नका.