रेपो दराचा चढउतार

व्याजाचें गणित परीक्षेपुरतेंच असतें, असा पुष्कळ विद्यार्थ्यांचा समज असतो. तथापि ज्या घरावर कर्ज आहे, अथवा ज्या घरांत वृद्धांचा चरितार्थ ठेवीच्या व्याजावर चालतो, तेथें हें गणित दरमहा सोडवावें लागतें. म्हणून आपल्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या व्याजदराचा अलीकडील इतिहास आम्ही येथें संक्षेपानें देत आहों.

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजीं सुरू झाली. इतर बँका सरकारी रोखे तारण ठेवून तिजकडून अल्प मुदतीचें कर्ज घेतात. त्यावरील व्याजाच्या दरास रेपो दर म्हणतात. २०१६ सालापासून तो सहा सभासदांची समिती ठरविते. महागाई शेंकडा ४ च्या आसपास, म्हणजे २ ते ६ यांच्या दरम्यान, ठेवावी, असें लक्ष्य सरकारनें त्याच सालीं घालून दिलें.

२०२० सालीं महामारीनें उद्योग थांबले, तेव्हां कर्ज स्वस्त व्हावें म्हणून हा दर शेंकडा ५.१५ वरून मार्चमध्यें ४.४० व मेमध्यें ४ वर आणिला. पुढें २०२२ सालीं युक्रेनमध्यें युद्ध पेटलें, तेल व धान्य महागलें, आणि एप्रिलमध्यें आपल्याकडील महागाई शेंकडा ७.७९ झाली. कर्ज महाग केलें म्हणजे खरेदी मंदावते व किंमतींचा जोर ओसरतो. या हेतूनें मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळांत दर सहा वेळां चढवून ६.५० केला. दोन वर्षें तो तेथेंच स्थिर होता. २०२५ सालीं महागाई उतरली, ऑक्टोबरमध्यें तर ती अवघी ०.२५ होती. त्या वर्षीं फेब्रुवारी, एप्रिल, जून व डिसेंबर अशा चार वेळां दर कमी होऊन ५.२५ झाला.

याचा परिणाम आंकड्यांनीं पाहूं. वीस वर्षांच्या मुदतीच्या २० लक्ष रुपयांच्या कर्जाचा व्याजदर ८.५० वरून ७.५० झाला, तर मासिक हप्ता सुमारें १,२४० रुपयांनीं घटतो. उलट, ५ लक्षांच्या ठेवीवरील व्याज शेंकडा एकानें घटलें, तर ठेवीदाराचे वर्षास ५,००० रुपये जातात. एकाचा दिलासा तो दुसऱ्याचा तोटा होतो.

परंतु केवळ दर पाहून निर्णय करूं नये. ठेवीवर शेंकडा ६ मिळावे आणि महागाई ७ असावी, तर रक्कम वाढूनही तिची खरेदीशक्ति घटते. व्याज ५ असून महागाई २ असली, तर ती वाढते. मात्र महागाईचा आंकडा सरासरीचा असतो. भाजी स्वस्त झाली म्हणून वृद्धाचें औषध स्वस्त होतेंच असें नाहीं.

विद्यार्थ्यांनीं आपल्या घरचें कर्ज किंवा ठेव कोणत्या दरानें आहे, तो दर स्थिर आहे कीं बदलता, हें वडिलांस विचारावें आणि हप्त्याचा व व्याजाचा हिशेब स्वतः मांडावा. वर्तमानपत्रांतील पाव टक्क्याची बातमी घरांतील कोणाच्या ताटापर्यंत पोहोंचते, हें त्यावरून त्यांस उमगेल.