खुर्चीवरील योगासने : शिकविणाऱ्यांसाठी काही पाठ

योगवर्ग म्हटला की सतरंजीवर मांडी घालून बसलेली माणसे डोळ्यांसमोर येतात. ज्यांना जमिनीवर बसता येत नाही, किंवा बसल्यावर उठता येत नाही, त्यांच्यासाठी वर्गाचे दार तेथेच बंद होते. पक्षाघातातून सावरणारे, संधिवाताने गुडघे आखडलेले, चाकाच्या खुर्चीत बसणारे असे अनेक रुग्ण आमच्या फिजिओथेरपी विभागात येतात. त्यांना योगासने शिकविण्यापूर्वी शिकविणाऱ्याने काय शिकावे, याचे सार येथे देत आहोत.

खुर्चीचा आधार योगाला परका नाही. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाला दोनच अटी आहेत : ते स्थिर असावे आणि सुखकर असावे. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, ठोकळे, पट्टे अशा साधनांच्या आधारे रुग्णांना आसने शिकविण्याची पद्धती रुजविली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेत साध्या घडीच्या खुर्च्यांचा मोठा उपयोग झाला.

खुर्ची न डगमगणारी, चाके नसलेली असावी व तिची पाठ भिंतीला टेकवावी. तोल जाणाऱ्यास हातांची खुर्ची द्यावी. पावले जमिनीला टेकत नसतील तर खाली लाकडी पाट ठेवावा. (जमाखर्च पाहणाऱ्या आम्हां मंडळींस इतके स्वस्त साधन रुग्णालयात क्वचितच आढळते!)

खरा अभ्यास यापुढचा. शिकविणाऱ्याचे लक्ष आसनाच्या आकारावर असते. ते त्याच्या हेतूकडे वळवावे लागते. ताडासनात हात वर नेण्याचा हेतू पाठीचा कणा ताणला जावा व छाती मोकळी व्हावी हा. एका हाताची शक्ती गेलेल्या रुग्णाने चांगला हात वर न्यावा व दुसरा मांडीवरील उशीवर विसावू द्यावा. तो लुळा हात मनगटाला धरून वर ओढू नये. सैल पडलेल्या खांद्याला त्याने इजा होते. ज्यांचे दोन्ही हात उचलत नाहीत, त्यांनी श्वासाबरोबर छाती उंचवावी. आमच्या मते या दोघांचेही ताडासन पूर्ण झाले, आणि शिकविणाऱ्याने त्यांना तसे सांगितलेही पाहिजे.

भाषाही बदलावी लागते. ‘असे करा’ हे शब्द अंध व्यक्तीला काहीच सांगत नाहीत. ‘उजवा तळवा डाव्या गुडघ्यावर ठेवा’ हे सांगतात. कमी ऐकू येणाऱ्यांसमोर चेहऱ्यावर उजेड पडेल असे उभे राहावे. बौद्धिक अपंगत्व असणाऱ्यांना एका वेळी एकच सूचना द्यावी. कोणालाही स्पर्श करण्यापूर्वी विचारावे.

काही बंधने मात्र कडक आहेत. काचबिंदू असल्यास डोके हृदयाच्या खाली नेऊ नये. रक्तदाब जास्त असल्यास श्वास रोखू नये. हाडे ठिसूळ झालेल्यांनी पाठीची कमान करून खोल वाकू नये. खुब्याचा सांधा बदललेल्यांनी शल्यचिकित्सकांस विचारल्यावाचून पायावर पाय टाकू नये. मधुमेहींच्या पावलांची संवेदना कमी झालेली असू शकते. त्यांची पावले वर्गापूर्वी व नंतर पाहावीत.

सर्वांत अधिक वेळ आम्ही एका साध्या हालचालीला देतो : खुर्चीवरून उठणे. तिच्यावरच शौचालयाला एकट्याने जाता येणे अवलंबून असते, आणि कित्येक वृद्धांना आजारापेक्षा ही परस्वाधीनता अधिक सलते. बैठकीच्या पुढच्या कडेशी सरकावे, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, कमरेतून पुढे झुकावे, मग पायांवर भार देऊन उठावे. उभे राहिल्यावर चक्कर येत नाही ना, हे पाहण्यास क्षणभर थांबावे. ३० सेकंदांत कितीदा उठता येते, ही मोजणी प्रगती ताडण्यास पुरते.

वर्गाला येणाऱ्या नातेवाइकांना एक विनंती. आपला माणूस उठत असता घाईने त्याचा हात ओढू नये वा काखेत हात घालून उचलू नये. अशक्त बाजूला, अगदी जवळ उभे राहावे आणि त्याला लागेल तेवढा वेळ द्यावा.